अण्णांनी पाठ फिरवून निवडलेला साउंडबार

हं! टाळ जरा खाली ठेवा. गजर झाला, घसे मोकळे झाले, आता कान मोकळे करा. मागं खांबाला टेकलेले दोघं-तिघं पुढं या बघू. खांबाला टेकलेला माणूस आख्यान संपायच्या आत घोरतो, हा माझा अनुभव आहे! या, या. लाजू नका.

काय म्हणता, साउंडवाले दादा? माईक वर घेऊ? तोंडासमोर? — नको हो. राहू दे असाच, छातीपाशी. आवाज थोडा कमी येतोय, मला ठाऊक आहे. शेवटच्या रांगेतल्या मावशी, येतंय ना ऐकू? — येतंय म्हणतात! मग झालं तर. माईक आज खालीच राहणार. का राहणार, ते शेवटी सांगते. तोवर तुम्ही चुळबुळ करायची नाही, मी घाई करायची नाही.

तर मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन आलेय. ब्रह्मज्ञानाचा नाही, घाबरू नका. घरातलाच आहे. मी बोलतेय, आणि तुम्हाला ऐकू येत नाहीये. तर धडपड कुणी करायची? तुम्ही कान टवकारायचे, की मी उठून जवळ यायचं?

— बायका म्हणतायत, नवऱ्यानं कान टवकारायचे! तबलजी, हसू नका, तुमच्या घरची मंडळीही इथंच बसलीयत.

सोपा वाटतो ना प्रश्न? आपल्याच इचलकरंजीतलं एक घर आहे. त्या घराला या सोप्या प्रश्नापायी सामान बांधायची वेळ आली. ऐका, मंडळी, कशी आली ते.

या घरात माणसं चार. पहिले अण्णा. विरूपाक्ष लिपारे त्यांचं नाव, पण अख्ख्या गल्लीचे अण्णाच. चाळीस वर्षं यंत्रमागाच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, काढली. त्यातली पंचवीस जॉबर म्हणून! जॉबर म्हणजे काय, ते या गावात सांगायला नको, पण पाहुणेमंडळी आलीयत म्हणून सांगते — माग बिघडला की जो नीट करतो तो जॉबर. मागांचा डॉक्टर म्हणा. आणि आमचे — त्या घरचे हो! — त्या घरचे अण्णा तर असे डॉक्टर, की चालत्या मागावर नुसता तळहात ठेवायचे आणि सांगायचे, 'धोटा नीट बसत नाही. काढ.' धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो ना, तो! एकाच वेळी चाळीस माग चालू — खटाक-खटाक-खटाक-खटाक! — आणि हा माणूस तळहातानं ऐकायचा!

दुसरा त्यांचा मुलगा मकरंद. बँकेत आहे. गरीब स्वभावाचा. म्हणजे बायको म्हणेल ते 'हो', वडील म्हणतील तेही 'हो', आणि दोघं एकदम बोलले की हा गाडीत हवा भरायला जातो.

तिसरी मकरंदची मुलगी ओजू. वय चौदा महिने. दात सहा. पायात जोर असा, की उभी राहते ती सरळ पळतेच! पण तोंडातून शब्द नाही. हुं नाही की चूं नाही. रडते तेवढीच.

आणि चौथी... चौथी सूनबाई. आता हिचं काय सांगू! शिकलेली हो, एम.एस्सी. झालेली. पण मूल झाल्यापासून काळजी अशी शिरलीय अंगात, की पोर शिंकलं तर ही मोबाइल उघडून बसते. टेबलाच्या चारी कोपऱ्यांना स्पंज चिकटवलेला. प्लगच्या भोकांना झाकणं. फ्रिजला कुलूप! एकदा पाहुणे आले, पाणी मागितलं, तर बिचाऱ्या मकरंदला फ्रिजची किल्लीच सापडेना!

हसताय? हसा. ज्यांची मुलं चौदा महिन्यांची आहेत त्या मात्र हसत नाहीयेत. बघतेय मी.

तर झालं काय, ओजू पाऊल टाकायला लागली आणि एके दिवशी तिनं टीव्हीची वायर धरून ओढली. टीव्ही खालच्या बैठ्या कपाटावर ठेवलेला. हलला फक्त! पडला नाही. पण सूनबाईच्या डोळ्यांपुढं तो पडला, फुटला, पोरीला टाके पडले, सगळं होऊन गेलं. दुसऱ्या दिवशी माणूस बोलावला आणि टीव्ही टांगला भिंतीवर — कुठं? दाराच्या चौकटीच्याही वर! मकरंद म्हणाला, "अगं, हे म्हणजे स्टेशनवरचा बोर्ड बघितल्यासारखं झालं. मान दुखेल."

"दुखू दे. मानेला बाम लावता येतो."

मकरंद काय म्हणणार? 'हो'!

आणि मंडळी, नेमकी त्या दिवसापासून एक गोष्ट सुरू झाली. अण्णांचा टीव्हीचा आवाज वाढायला लागला. रोज थोडा थोडा. वीसचा झाला तीस, तीसचा चाळीस, चाळीसचा साठ! अण्णांचे कार्यक्रम दोनच — सकाळी साडेसहाचं कीर्तन आणि संध्याकाळच्या बातम्या. पण सकाळी साडेसहाला ओजू झोपलेली! टीव्हीतले बुवा 'हरी' म्हणाले रे म्हणाले, की इकडे ओजू दचकून उठायची. हरीच्या नावानं लेकरू रडतंय, आणि हरी बिचारा काय करणार? रिमोट अण्णांच्या हातात!

सूनबाईनं मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. हॉलमध्ये मोजला, पाळण्यापाशी मोजला, वहीत लिहून ठेवला. आणि तिच्या मनात काय बसलं असेल? — पोर बोलत नाही ना? ते यानंच. एवढ्या गोंगाटात लेकरू बोलायला शिकणार कसं? की ऐकण्यातच काही कमी आहे? बाळाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, 'कान उत्तम आहेत, वाट बघा.' पण आईला 'वाट बघा' सांगून ती वाट बघते होय? ती मोबाइल बघते!

अण्णांना विचारलं, "अण्णा, तुम्हाला कमी ऐकू येतं का? दाखवून येऊ या का कान?"

अण्णा उसळले. "मला? अगं, चाळीस मागांत एका मागाचा बोल्ट ढिला झाला तर मला कळायचं! मला कमी ऐकू येतंय? तो टीव्हीच पुटपुटतो तुमचा!"

आणि गंमत बघा, ते थोडं खरंही होतं. हे नवे टीव्ही पातळ असतात ना — आवाज येतो मागच्या बाजूनं, भिंतीवर आपटतो आणि उरलासुरला आपल्याकडे येतो. मकरंदनं ऑफिसात कुणाला तरी विचारलं. तो म्हणाला, "साउंडबार घे की!" साउंडबार म्हणजे टीव्हीखाली बसवायची लांबट पट्टी. आतमध्ये स्पीकर. म्हणजे आवाज समोरून यावा.

उपाय सापडला! घरात एकदम आनंदीआनंद. अण्णा म्हणाले, "घ्या बाबा, मी काय नको म्हणतो." सूनबाईनं दोन दिवस अभ्यास केला. एवढा अभ्यास तिनं एम.एस्सी.ला केला असता तर सुवर्णपदक मिळालं असतं! किती वॉट, किती चॅनेल, कुठली वायर कुठं, सोबत तो ढबढब वाजणारा मोठा डबा हवा की नको... सगळी यादी करून रविवारी चौघं निघाली. मेन रोडला पारसशेठचं दुकान आहे, तिथं.

पारसशेठ म्हणजे बोलका माणूस. "या, या, अण्णा! या, ताई! बसा. चहा सांगू? आधी ऐका तर खरं!" आणि लावलं की हो त्यांनी! काय लावलं असेल? — बरोबर! मारामारी! गाड्या उडतायत, पूल कोसळतोय, धडाड-धूम! ओजूनं आईच्या मानेत तोंड खुपसलं. मकरंदचे डोळे चमकले. पुरुषाला धडाड-धूम आवडतं, त्यात त्याचा दोष नाही, देवानं तसंच घडवलंय!

सूनबाईचं लक्ष कुठं? खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर. यादी हातात, पाठ अण्णांकडे, आणि खोक्याकडे बघत बघतच विचारते, "अण्णा, बरं वाटतंय ना?"

अण्णा काय करत होते? त्या मोठ्या डब्यावर तळहात ठेवून उभे! डोळे मिटलेले. थरथर लागतेय हाताला. जॉबर माणूस, त्याला बरं वाटलं. मान डोलली. पारसशेठ ओरडले, "बघा! अण्णांना पसंत!" झालं. मोठा बार आणि मोठा डबा, गाडीच्या मागच्या सीटवर ओजूशेजारी बसून घरी आला.

आता मंडळी, मला सांगा. चार माणसं दुकानात गेली. साउंडबार कुणासाठी होता? अण्णांसाठी. अण्णांशी कुणी समोर उभं राहून दोन वाक्यं बोललं का? — नाही! सगळे अण्णांविषयी बोलले. खोक्याशी बोलले! ही गोष्ट लक्षात ठेवा.

घरी जोडणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अण्णांनी कीर्तन लावलं. आणि काय सांगू! बुवा गातायत ते ऐकू येईना, पण मृदंग असा — ढम्म! ढम्म! ढम्म! — की कपाटातल्या वाट्या नाचायला लागल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू पायांत चप्पल न घालता खाली आल्या. "भूकंप आहे का हो?" ओजू तर उठलीच. आणि अण्णा? आवाज अजून वाढवतायत! कारण धडाड वाढला, पण बुवा काय म्हणतायत ते अजून कळत नाहीये!

आठ दिवस असे गेले. आठ! पुढचा रविवार आला. अण्णा आरामखुर्चीत, वर टीव्ही, खाली डबा धडधडतोय. ओजू रडून रडून नुकती पुन्हा झोपलेली. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी. मकरंद हॉलच्या दुसऱ्या टोकाला, पेपरामागं लपलेला. मध्ये अण्णा. आता नवऱ्याला काही सांगायचंय आणि सासऱ्यांना कळू द्यायचं नाही, तर बाई काय करते? तुम्ही काय करता?

— हां! त्या ताईंनी करून दाखवलं! नुसते ओठ हलवते. आवाज नाही. हातवारे थोडे.

तर सूनबाईनं हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आवाजाचा टिपूस न काढता, तोंड चांगलं मोठं करून नवऱ्याला सांगितलं: "आता मला सहन होत नाही. अण्णांना महिनाभर वैजूआक्कांकडे पाठवू या. जयसिंगपूरला."

वैजूआक्का म्हणजे अण्णांची लेक.

मकरंदला काही कळलं नाही. त्यानंही आवाज न करता विचारलं, "काय? चहा?"

सूनबाईनं कपाळावर हात मारला आणि आत गेली. एवढंच घडलं, मंडळी. एका माणसानं सांगितलं, दुसऱ्याला कळलं नाही. पण पाच मिनिटांनी टीव्ही बंद झाला. साडेसहाचं कीर्तन अर्ध्यावर बंद! असं कधी झालं नव्हतं.

दुपारी सूनबाई हॉलमध्ये येते, तर अण्णांची जुनी हिरवी पिशवी खुर्चीवर. आत दोन धोतरं, टॉवेल, गोळ्यांची डबी. अण्णा टोपी झटकतायत.

"कुठं निघालात, अण्णा?"

"वैजूकडं जातो म्हणतो. महिनाभर."

महिनाभर! नेमका तोच शब्द! सूनबाई तशीच धावत गेली नवऱ्याकडे. "तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

"मी? काय सांगितलं? मला तर वाटलं तू चहा विचारतीयस!"

ती परत आली. अण्णा चप्पल शोधत होते. शेवटी तिनं त्यांच्यासमोर जमिनीवर बसकण मारली, वर त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "अण्णा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

अण्णा म्हणाले, "तूच सांगितलंस की, पोरी."

"मी? मी तर आवाजसुद्धा केला नव्हता!"

"म्हणून तर नीट कळलं!"

...हं. झाली ना शांतता? मीही तेव्हा अशीच — म्हणजे सूनबाई हो! — सूनबाईही अशीच गप्प झाली.

मग अण्णा बोलले. रागानं नाही. एखाद्याला मागाची कळ समजावून सांगावी तसं. "पोरी, खात्यात चाळीस माग चालतात. तिथं कानांनी कोण बोलतो? कुणाची तार तुटली, कुणाच्या धोट्यातली कांडी संपली, कोण रजेवर, मालक आला — सगळं ओठांवर. त्या टोकाचा माणूस या टोकाला गावाकडची खुशाली सांगायचा. आम्ही ओठ वाचून हसायचो, ओठ वाचून भांडायचो. तुझी सासू कांडी मशिनवर होती, सूत गुंडाळायला. आठ महिने बोललो आम्ही लांबून. लग्न ठरलं. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो अंतरपाटाच्या पलीकडनं!"

आणि पुढं काय म्हणाले, सांगू? "तेव्हा समजलं, माग बरे होते!"

हसा, हसा! सूनबाईही हसली. पण डोळे भरलेले. म्हणाली, "मग टीव्ही एवढा मोठा का लावत होता, अण्णा?"

"तो खाली होता तोवर बरं होतं. समोर तोंडं दिसायची. थोडं कानानं, थोडं डोळ्यानं, भागायचं माझं. वर टांगल्यापासून काचेवर खिडकीचा उजेड चमकतो. तोंडं दिसत नाहीत. त्यात ते बुवा माईक असा धरतात, की अर्धं तोंड माईकमागं! मग आवाज वाढवायचा, दुसरं काय."

"सांगितलं का नाहीत मला?"

"काय सांगू? तू पोरीसाठी टांगलास. तुझं बरोबर होतं. पडला असता तर?"

अहो, ज्या माणसाला ती घरातनं पाठवायला निघाली होती, तो माणूस तीन महिने तिचीच बाजू घेऊन गप्प बसला होता! हिच्या मोबाइलमध्ये जगातली सगळी माहिती. पण सासरे टीव्हीकडे मान वाकडी करून का बघतात, हे हिला दिसलं नाही. लक्ष सगळं लेकरावर. आणि लेकराचं तरी दिसत होतं का? ऐका!

एवढ्यात ओजू आली. तिला झोपवून झालं होतं, पण ती ओजू! ती आली, पिशवीत चढली आणि अण्णांच्या धोतरांवर बसली. अण्णांकडे बघितलं. आणि ओठ मिटले, उघडले. आवाज नाही! तोंड उघडं, ओठ मिटले, पुन्हा उघडलं.

अण्णा म्हणाले, "हं, हं, इथंच आहे आबा."

सूनबाई म्हणाली, "काय म्हणालात?"

"मला आबा म्हणतीया की! बघ. आ—बा. आठ दिवस झालं म्हणतीया."

"म्हणतेय? आवाज कुठाय?"

अण्णा ओशाळले. "ते आता... तुला गोंगाट आवडत नाही म्हणून आम्ही दोघं असंच खेळतो. आवाज न करता. मी ओठांनी गोष्ट सांगतो, ती ओठांनी उत्तर देती. मला वाटलं, तुला ठाऊक असंल."

मंडळी! पोर बोलत नाही म्हणून जिचा जीव टांगणीला लागला होता, तिच्या पोरीनं पहिला शब्द आठ दिवसांपूर्वीच उच्चारला होता — मागवाल्यांच्या भाषेत! सूनबाईनं पोरीला पिशवीतनं उचललं. मग धोतरं उचलली. मग टॉवेल उचलला. एकेक वस्तू कपाटात ठेवून आली. शेवटी गोळ्यांची डबी हातात घेऊन अण्णांच्या समोर येऊन उभी राहिली, आणि ओठांनी, आवाज न करता म्हणाली, "चुकलं माझं. जाऊ नका."

अण्णा म्हणाले, "मोठ्यानं म्हण की. मकरंदलाही कळू दे!"

आता साउंडबार राहिला ना! तुम्ही विसरलात, मी विसरले नाही. पुढच्या रविवारी वरात पुन्हा पारसशेठच्या दुकानात. मोठा बार, मोठा डबा परत. शेठ जरा कुरकुरले, पण बदलून द्यायला तयार झाले. "हा घ्या, अण्णा, याच्याहून दमदार!" आणि बोट गेलं मारामारीकडे.

"थांबा, शेठ," सूनबाई म्हणाली. "मारामारी नको. बातम्या लावा. बाईंच्या आवाजातल्या. आणि आवाज कमी ठेवा."

"कमी? अहो ताई, कमी आवाजात साउंडबार कुणी ऐकतं का?"

"आमच्या घरी ऐकायचाय."

आणि अण्णांनी काय केलं? मंडळी, हे बघण्यासारखं होतं! अण्णांनी खुर्ची फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून बसले. म्हणाले, "ओठ दिसले तर मी कुठल्याही डब्यात ऐकेन. मग डब्याची परीक्षा काय झाली? लावा."

पहिला लावला. बाई बोलल्या. अण्णा म्हणाले, "गुरगुरतोय. पुढचा." दुसरा लावला. "ही बाई विहिरीत पडलीय. पुढचा." पारसशेठना घाम! तिसरा काढला, कोपऱ्यात पडलेला, धूळ बसलेली. लहानसा. सोबत डबा नाही, काही नाही. रिमोटवर एक बटन — बोलणं वर काढायचं, बाकीचं खाली दाबायचं. सूनबाईनं दाबलं.

अण्णांची मान किंचित वळली. मग म्हणाले, "कोल्हापुरात उद्या पाणी येणार नाही म्हणतीया. आणि परवा कमी दाबानं येणार."

बरोबर! शब्दन् शब्द!

पारसशेठ कळवळून म्हणाले, "पण अण्णा, याला धडाड नाही हो!"

अण्णा उठले. टोपी नीट केली. म्हणाले, "शेठ, धडाड चाळीस वर्षं ऐकलं. आता मला माणसं ऐकायचीयत."

...तबलजी, या वाक्याला एक ठेका द्या हो. द्या! वा!

घरी आल्यावर टीव्ही खाली उतरवला. बैठ्या कपाटावर ठेवून मागनं पट्ट्यानं भिंतीला असा बांधला, की हत्तीनं ओढला तरी हलायचा नाही. सूनबाईच शेवटी! अण्णांची खुर्ची जवळ, खिडकीला पडदा. साडेसहाचं कीर्तन अठरावर चालतं आता. वरच्या काकू काळजीनं विचारतात, 'अण्णा गावाला गेलेत का?' आणि हो, समोर बसून नीट विचारल्यावर अण्णा कानाच्या डॉक्टरांकडेही गेले. यंत्र यायचंय. तेही करा हो, लाजू नका. चष्मा लावताना लाजता का?

तर आता प्रश्नाकडे. धडपड कुणी करायची? उत्तर मिळालं ना? जो बोलतो, त्यानं! उठायचं, जायचं, समोर उभं राहायचं, तोंड दाखवायचं, मग बोलायचं. आपण काय करतो? कढईत चमचा फिरवता फिरवता भिंतीपलीकडे ओरडतो — 'जेवायला या!' आणि ते आले नाहीत की म्हणतो, म्हाताऱ्यांना हवं तेवढंच ऐकू येतं! तुम्ही म्हणता की नाही? खरं सांगा! देवासमोर बसलाय! देवाशी बोलायचं तर आपण चप्पल काढून समोर उभे राहतो, हात जोडतो, डोळ्यांत बघतो. घरातल्या माणसाशी बोलताना तेवढं नको का करायला? आज घरी गेल्यावर एक वाक्य तरी असं बोला. समोर जाऊन. एकच!

आता काही जणी एकमेकींच्या कानात विचारतायत, ही सून कोण? अहो, मी तिची एवढी थट्टा केली. दुसऱ्या कुणाच्या सुनेची केली असती, तर पुढच्या वर्षी तुम्ही मला बोलावलं असतं का? आता कळलं? आणि साउंडवाले दादा, माईक खाली का, तेही कळलं ना? ते बघा, पहिल्या रांगेत. पांढरी टोपी. तोंड दिसायला हवं ना माझं त्यांना!

अण्णा, कसं झालं कीर्तन?

...काय म्हणता? "लांबलं. आरती घ्या. पोरगी मांडीवर झोपलीया."

बघा मंडळी! जिच्या झोपेसाठी मी गल्ली डोक्यावर घेतली, ती टाळ-तबल्यात आबांच्या मांडीवर गाढ झोपलीय! तिला उठवू नका. आता सगळे मिळून पांडुरंगाचं नाव घेऊ — पण आवाज न करता! टाळ नाही, तबला नाही. तोंड मोठं करून, ओठांनी फक्त. अण्णांकडे तोंड करा. कुणी म्हटलं, कुणी नाही म्हटलं, ते अण्णा बरोबर सांगतील. हात जोडा. म्हणा...

...

वा! वा! देवळात एवढी शांतता आणि एवढं नाव! काय, अण्णा? म्हटलं सगळ्यांनी?

— "तिसऱ्या खांबापाशी तो निळा शर्टवाला. त्यानं नाही म्हटलं. त्यानं विचारलं, प्रसाद काय आहे!"